दगडाखालची वस्ती : वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे, पाऊस ओसरला आहे, ओढे अजून वाहते आहेत आणि पाणी निवळले आहे. मुलांना घेऊन ओढ्यावर जायचे तर हेच दिवस. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. शाळेपासून जवळच बारमाही नसला तरी जानेवारीपर्यंत वाहणारा पऱ्या आहे. वर्गात २२ मुले आहेत. साहित्यासाठी पैसे जवळजवळ नाहीत. मुलांना पाण्यातले लहान जीव दाखवायचे तर काय लागेल आणि सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

आधी दिवस ठरवा, मग जागा, आणि साहित्याचे सगळ्यात शेवटी बघा. लोक बहुधा उलटे करतात.

पावसाळ्यात जाऊ नये. ओढा उथळ दिसला तरी वर डोंगरात सर आली की काही मिनिटांत फुगतो. शिवाय पुराच्या पाण्यात तळाचे गोटे लोळत असतात, जीव वाहून गेलेले असतात, त्यामुळे शोधूनही फारसे काही हाती लागत नाही. पाऊस थांबून तीन-चार आठवडे झाले की दगडांवर शेवाळाचा बुळबुळीत थर पुन्हा चढतो. तो खरवडून खाणारे किडे येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारे. म्हणून ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये धार तुटून डबकी उरली असतील, तर सगळी वस्ती त्या डबक्यांतच दाटलेली असते. तेव्हा पाणी ढवळू नका, काठावरूनच बघा. वेळ सकाळी आठ ते साडेदहाची ठेवा. ऊन तिरपे असते आणि पाणी थंड असते.

जागा अशी हवी, जिथे पाणी मुलांच्या गुडघ्याच्या खालीच राहते, तळ दिसतो आणि वीस-पंचवीस पावलांत खळाळ आणि संथ काठ दोन्ही मिळतात. या दोन ठिकाणचे जीव निरनिराळे असतात, आणि खरी गंमत त्या फरकातच आहे. पुलाखालची आणि सहलीची जागा टाळा, तिथे हमखास फुटक्या काचा असतात. वर धरण किंवा बंधारा असेल तर पाणी कधी सोडतात हे गावात विचारून घ्या. ओढा अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. प्रवेशाचे तिकीट म्हणजे जीव पकडायची परवानगी नव्हे, मग ते लगेच सोडून देणार असलात तरी.

२२ मुलांचे पाच गट होतील, तीन गट चौघांचे आणि दोन पाचांचे. प्रत्येक गटाला आइस्क्रीमचा एक-दोन लिटरचा पांढरा डबा, चहाची गाळणी, पांढरा प्लास्टिकचा चमचा, चित्रकलेचा चार नंबरचा मऊ ब्रश आणि फ्रीजमधला बर्फाचा ट्रे. भिंग मिळाले तर पाच ते दहा पट मोठे दाखवणारे घ्या, गटाला एक पुरते. डबा पांढराच हवा. स्टीलच्या ताटात उन्हाची चमक येते आणि अर्धपारदर्शक किडे दिसतच नाहीत. रंगीत डब्यात ते रंगाशी मिसळून जातात.

जाळे अख्ख्या वर्गाला एकच पुरे. मच्छरदाणीचे मीटरभर रुंद आणि पाऊण मीटर उंच कापड घ्या, ते सव्वा मीटरच्या दोन बांबूंना दोन्ही बाजूंनी शिवून टाका. खालची दहा सेंटिमीटरची किनार मोकळी सोडा. ती तळावर आडवी पसरून वर दोन गोटे ठेवायचे, नाहीतर सगळे जीव जाळ्याच्या खालून निसटतात. जाळी बारीक असावी म्हणून कुणी ओढणीचे किंवा साडीचे कापड लावतात. त्यातून पाणी पुरेसे पार होत नाही, ते कापडापुढे तुंबते, दोन्ही बाजूंनी वळून जाते आणि किडेही त्याच्याबरोबर जातात. मच्छरदाणीतून अगदी बारीक पिल्ले सुटतात, सुटू द्या.

ओढ्यावर पोचल्यावर पहिली पाच मिनिटे कुणीही पाण्यात उतरायचे नाही. पृष्ठभागावर धावणाऱ्या पाणनिवळ्या, काठच्या गवतावर बसलेल्या टाचण्या (चतुराच्या सडपातळ भाईबंद), तळाशी सरकणारी सावली हे सगळे पाय पडताच नाहीसे होते.

मग दगड. प्रत्येक गटाने मुठीपेक्षा मोठा पण एका हाताने उचलेल असा एकच दगड निवडावा. तो उचलताना डबा किंवा गाळणी दगडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या दिशेने जाते त्या बाजूला धरायची, कारण हात लागताच सैल झालेले किडे तिकडेच वाहतात. दगडाचा खालचा पृष्ठभाग बघा. चिकटून बसलेला किडा बोटाने ओढू नका, पाय तुटतात. ओल्या ब्रशने मागून हलकेच लोटला की तो आपणहून डब्यात उतरतो. बघून झाल्यावर दगड त्याच जागी आणि तीच बाजू खाली करून ठेवायचा. उलटा ठेवला तर सावलीत राहणारे जीव उघड्यावर पडतात आणि वरचे शेवाळ अंधारात मरते. हा नियम मुलांना पाण्यात उतरण्याआधीच सांगा, कारण नंतर सांगायला उसंत मिळत नाही.

त्यानंतर खळाळात जाळे लावा. दोघांनी बांबू धरायचे, तिसऱ्याने जाळ्याच्या वरच्या अंगाला अर्ध्या मीटरवर उभे राहून एक मिनिट पायाने तळाचे गोटे घासायचे. जागा ताटाएवढीच असू द्या. घासणे थांबल्यावर दहा सेकंद थांबा, मग खालची किनार पुढे करून जाळे झोळीसारखे उचला. दोन सेंटिमीटर पाणी घेतलेल्या डब्यात ते उलटे करून झटका. या क्षणी मुले हमखास म्हणतात, “यात तर काहीच नाही!” गाळ बसायला दोन-तीन मिनिटे लागतात. डबा सपाट दगडावर ठेवून कुणीही हात लावायचा नाही. मग एक काडी चालू लागते, वाळूचा एक कण सरकतो. काठाशी अडकलेल्या कुजक्या पाल्याची मूठभर जुडी डब्यात खळबळून पाहा. पाला कुरतडणारे वेगळेच जीव त्यात निघतात.

वहीत नाव लिहायची घाई नको. चित्र काढा आणि चार गोष्टी लिहा : पाय किती, शेपट्या किती, चालतो कसा, श्वास कुठून घेतो. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पुढच्या पत्राच्या उत्तरात त्याचे कारण येईल.

सगळे मिळून पाण्यात चाळीस मिनिटे पुरेत. पायात पट्ट्याचे जुने बूट हवेत, स्लिपर शेवाळावर घसरतात आणि वाहूनही जातात. पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवे, तेव्हा पालकांना बोलवाच. त्याखेरीज एकाने सर्वांच्या वरच्या अंगाला उभे राहून फक्त पाण्याकडे बघायचे, किड्यांकडे नाही. पाणी अचानक गढूळ झाले, काड्या-पाने वाहत येऊ लागली किंवा आवाज बदलला, तर त्याच क्षणी सगळ्यांना बाहेर काढायचे. साहित्य राहिले तर राहू द्या.

मुलांनी ओढ्यातले बरेच किडे एका डब्यात जमवले. अर्ध्या तासात चपटे, शेपट्यावाले किडे मेले आणि काही गायबच झाले. पाणविंचू आणि लाल अळ्या मात्र मजेत होत्या. असे का झाले?
— एक पालक, पुणे

यामागे दोन कारणे आहेत, आणि दोन्ही मुलांना समजावण्यासारखी आहेत.

पहिले कारण श्वास. पाणी तापेल तसा त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. उन्हात ठेवलेला दोन सेंटिमीटर पाण्याचा डबा पाऊण तासात सहज तिशी गाठतो. शिवाय पाणी स्थिर. खळाळात राहणाऱ्या किड्याला वाहत्या पाण्यामुळे ताजा प्राणवायू आयता मिळतो, तो त्या धारेच्या भरवशावरच जगतो. डब्यात धारच नाही.

आता तुमच्या डब्यातला एकेक जीव घ्या. चपटे, शेपट्यावाले किडे म्हणजे बहुधा मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्ले. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात. भिंगातून पाहिले तर ते लयीत फडफडताना दिसतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की फडफड वाढते. ती थांबली की फार उशीर झालेला असतो. खळाळात त्यांची शेजारीण असते स्टोनफ्लाय, तिचे कल्ले पायांच्या मुळाशी झुबक्यांसारखे असतात. तिला गुदमरायला लागले की ती पाय रोवून जोर काढल्यासारखी वरखाली होऊ लागते. असे दिसले की पाणी लगेच बदलायचे, खेळ समजून बघत बसायचे नाही.

पाणविंचवाला पाण्यातल्या प्राणवायूशी फारसे देणेघेणे नाही. त्याच्या मागची लांब शेपटी म्हणजे श्वासाची नळी; ती पृष्ठभागाबाहेर काढून तो सरळ हवेतला श्वास घेतो. पाणभुंगेरे पंखांच्या कवचाखाली हवेचा साठा घेऊन बुडी मारतात, संपला की पुन्हा वर येतात. लाल अळ्या कायरोनोमिड नावाच्या न चावणाऱ्या माश्यांच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे, आपल्या रक्तात असते तेच द्रव्य. त्यामुळे प्राणवायू फार कमी असलेल्या गाळातही त्यांचे भागते. तुमच्या डब्यात कोण मेले आणि कोण जगले, हे श्वासाच्या तऱ्हेनेच ठरले.

दुसरे कारण सरळ आहे : गायब झालेले खाल्ले गेले. चतुराचे पिल्लू, पाणविंचू, मोठी स्टोनफ्लाय, खेकडा हे शिकारी आहेत. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुढे फेकून ते भक्ष्य पकडते. म्हणून बर्फाचा ट्रे : प्रत्येक शिकाऱ्याला स्वतंत्र खण.

डबा सावलीत ठेवा, दर दहा मिनिटांनी अर्धे पाणी बदला, पाणी ओढ्याचेच वापरा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ले जाळते. पाण्यात हात घालण्याआधी मच्छरांचे क्रीम, सनस्क्रीन किंवा सॅनिटायझर लावले असेल तर काठापासून लांब जाऊन साबणाने हात धुवायचे, तेही पाणी ओढ्यात जाता कामा नये. मच्छर पळवणारी रसायने या किड्यांनाही अपायकारक ठरू शकतात. पंधरा-वीस मिनिटांत बघून, चित्र काढून, जिथून घेतले तिथेच सोडायचे. खळाळातला किडा संथ डोहात सोडणे म्हणजे त्याला सोडणे नव्हे.

मी आठवीत आहे. शेपट्या मोजून किडा ओळखता येतो असे ऐकले. तीन शेपट्या असल्या तर मेफ्लाय आणि दोन असल्या तर स्टोनफ्लाय, हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, सातारा जिल्हा

बहुतेक वेळा बरोबर, पण त्यावर पैज लावू नकोस. काही मेफ्लायना दोनच शेपट्या असतात, आणि डब्यात टाकताना एखादी तुटलेलीही असते. शेपट्या मोजून झाल्या की पोटाच्या कडा बघ. तिथे कल्ल्यांची ओळ असेल तर मेफ्लाय. पोटाच्या कडा गुळगुळीत आणि पायांच्या मुळाशी झुबके असतील तर स्टोनफ्लाय. भिंग चांगले असेल तर पायाचे टोक बघ : मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन.

आणखी एक जण फसवतो. टाचणीच्या पिल्लालाही मागे तीन फाटे असतात, पण ते केसासारखे नसून पानासारखे पसरट असतात. ते तिचे कल्लेच आहेत. चतुराचे पिल्लू जाडजूड आणि त्याच्या मागे फक्त आखूड काटे असतात; त्याचे कल्ले गुदाशयाच्या आत असतात. तिथे ओढून घेतलेले पाणी जोरात मागे फेकून ते पुढे झेपावते. बशीत ठेवून ब्रशने मागून टोचकारलेस तर दिसेल.

वाळूचे कण किंवा पाल्याचे तुकडे चिकटवलेली एक बारीक नळी चालताना दिसली, तर ती कॅडिसची अळी. नळी तिने स्वतःच्या रेशमाने बांधलेली असते. तिला नळीतून बाहेर काढून बघायचा मोह होतो. काढू नकोस, नवी नळी बांधेपर्यंत ती कुणाच्याही तोंडी सापडते. दुसरी एक कॅडिस घर घेऊन हिंडत नाही. ती दोन दगडांच्या फटीत धारेकडे तोंड केलेले रेशमी जाळे विणते आणि त्यात अडकलेले खाते. दगड उचलल्यावर हे जाळे फाटून चिखलाच्या लिबलिबीत लोळ्यासारखे दिसते, म्हणून बहुतेकांना ते कधीच दिसत नाही. पाणी नितळ असेल तर दगड हलवण्याआधी फटीत डोकावून बघ.

नातवंडे सुट्टीत येतात आणि दिवसभर व्हाळात असतात. जळवा, पाणविंचू, साप आणि तापाची साथ यांची भीती वाटते. त्यांना सरळ मनाई करावी का?
— एक आजोबा, सिंधुदुर्ग जिल्हा

मनाई नको. चौघांची भीती मात्र सारखी नाही, म्हणून वेगवेगळे सांगतो.

सर्वांत गंभीर ताप. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात येतात व कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात शिरतात. तुमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका खरा आहे. पायाला जखम, खरचटलेले किंवा चिखल्या असतील तर त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही. गोठ्याचे पाणी मिळते त्या ठिकाणाच्या खालच्या अंगाला खेळायचे नाही. घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवायचे आणि त्याआधी काही खायचे नाही. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना मूल पाण्यात खेळले होते हे आपणहून सांगा. हे वाक्य सांगायचे राहून जाते आणि उपचाराचे दिवस वाया जातात.

साप : पाण्यात दिसणारी बहुधा पाणदिवड असते. ती बिनविषारी आहे, पण पकडायला गेले तर चावायला मागेपुढे बघत नाही. खरी काळजी काठाची घ्या. गवतातून वाट काढताना आधी काठी आपटत जायचे आणि खेकड्याच्या बिळात हात घालायचा नाही. आत खेकडा नसून दुसरेच कुणी असू शकते.

पाणविंचवाला नांगी नाही. मागची ती नळी, हे वर आलेच आहे. पण त्याच्या तोंडाशी सोंड आहे आणि ती टोचते. त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा चपटा, बदामी आकाराचा पाणढेकूण जास्त जोरात चावतो. उताणे पोहणारा छोटा ढेकूणही चावतो. हे सगळे चमच्याने उचलायचे, हाताने नाही. पाठीवर फोडांसारखे दाणे चिकटलेला पाणढेकूण सापडला तर मुलांना जरूर दाखवा : तो नर असतो, आणि दाणे म्हणजे मादीने त्याच्या पाठीवर घातलेली अंडी. पिल्ले बाहेर येईपर्यंत तो ती वागवतो, वरचेवर पृष्ठभागाशी आणून त्यांना हवा देतो.

जळू लागली तर मीठ, तंबाखू, पेटती काडी काही नको. भडकलेली जळू जखमेतच ओकते. तोंडाकडच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून चिकटलेली जागा सोडवा, मग दुसरे टोक. रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहते, कारण ते गोठू न देणारे द्रव्य जळूने सोडलेले असते. जागा धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरा.

खेकड्याबद्दल तुम्ही विचारले नाही, त्याला धरायचे तुमच्या नातवंडांना बहुधा येतच असेल. पोटाखालची पट्टी अरुंद असली की नर, रुंद असली की मादी. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्ले अंड्यातून थेट छोटे खेकडे होऊनच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतात. पोटाखाली पिल्ले असलेली कुर्ली दिसली तर ती कालवणात जाऊ नये, एवढे आजोबांनीच बघावे.

ओढ्यातल्या किड्यांवरून पाणी स्वच्छ की घाण हे सांगता येते म्हणतात. सातवीच्या मुलांकडून करून घेता येईल अशी पद्धत सांगा.
— विज्ञान शिक्षक, नाशिक जिल्हा

येते. ब्रिटनमध्ये तयार झालेली बीएमडब्ल्यूपी (बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) नावाची गुणपद्धत जगभर वापरली जाते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतातल्या नद्यांसाठी ती बदलून घेतली. तत्त्व सोपे आहे : ज्या कुळाला प्राणवायू भरपूर लागतो त्याला जास्त गुण, जे कमी प्राणवायूत तग धरते त्याला कमी. मूळ यादीत पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लायला १०, चपट्या मेफ्लायला १०, गाळात पुरून बसणाऱ्या गोम्फिडी कुळातल्या चतुराच्या पिल्लाला ८, छोट्या, पोहणाऱ्या बेटिडी कुळातल्या मेफ्लायला ४, जाळे विणणाऱ्या कॅडिसला ५, पाणनिवळी आणि पाणविंचवाला प्रत्येकी ५, पाण्यातल्या बऱ्याच गोगलगायींना ३, कायरोनोमिडच्या अळ्यांना २ आणि पाण्यातल्या गांडुळवर्गीय किड्यांना १.

प्रत्येक कुळाचे गुण एकदाच धरायचे. एक किडा असो वा पन्नास. समजा स्टोनफ्लाय, चपटी मेफ्लाय, जाळ्याची कॅडिस, पाणनिवळी आणि कायरोनोमिड मिळाले. बेरीज ३२, कुळे ५, म्हणजे सरासरी ६.४. मुलांनी ही सरासरीच वापरावी. बेरीज तुम्ही किती वेळ शोधले यावर वाढते, सरासरी तितकी बदलत नाही.

यात तीन चुका नेहमी होतात. लाल अळी दिसली की मुले ओढा घाण ठरवून मोकळी होतात. ती अळी स्वच्छ ओढ्यातही असते. बाकी कुणीच नाही आणि तीच तेवढी शेकड्यांनी आहे, तेव्हा काळजी करायची. दुसरी चूक खळाळाची तुलना डोहाशी करण्याची. डोहात स्टोनफ्लाय नसणे हे प्रदूषण नव्हे, तिथे तिचे काम नाही. गावाच्या वर आणि गावाच्या खाली असे दोन खळाळ निवडा, तळ सारख्या आकाराच्या गोट्यांचा हवा, दोन्हीकडे जाळ्याची तीन-तीन मिनिटे, त्याच दिवशी. तिसरी चूक म्हणजे किड्यांच्या गुणांवरून पाणी पिण्याजोगे ठरवणे. जंतू आणि कीटकनाशकांचे अंश या पद्धतीत कळत नाहीत. द्राक्षपट्ट्यात फवारणीनंतर ओढ्यातले किडे एकाएकी नाहीसे झाले, तर तो इशारा मात्र नीट नोंदवून ठेवा : तारीख, जागा, फोटो.

चतुराचे पिल्लू घरी आणून त्याचा चतुर होताना मुलीला दाखवायचा आहे. जमेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

खळाळातले आणू नका, ते काचेच्या भांड्यात टिकणार नाही. शेततळ्यातले किंवा साचलेल्या डबक्यातले आणा, आणि एकच. दोन ठेवलीत तर एकच उरते.

पाच लिटरचे रुंद तोंडाचे भांडे, तळाला तीन सेंटिमीटर धुतलेली वाळू, आणलेल्या जागेचेच पाणी. नळाचे वापरायचे असेल तर चोवीस तास उघडे ठेवलेले. पाण्याबाहेर पंधरा-वीस सेंटिमीटर येईल अशी खरखरीत काडी तळात घट्ट रोवा. गुळगुळीत काडीवरून ते घसरते आणि पंख वाळण्याआधी पाण्यात पडते. खायला डासांच्या दहा-पंधरा अळ्या रोज, कोरडे खाद्य चालत नाही. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगल्या आणि त्याने खाणे सोडले की बाहेर यायची वेळ जवळ आली. बहुतेक चतुर रात्री किंवा पहाटे बाहेर येतात, तेव्हा गजर लावा. वरून जाळीचे कापड झाका पण काडीच्या टोकापासून चार बोटे उंच. पंख सुकायला काही तास लागतात, तोवर हात लावायचा नाही. पंखे बंद ठेवा.

आम्ही मुंबईत राहतो. ओढा म्हणावा तर जवळ नाला आहे. मुलांना काय दाखवू?
— एक आई, मुंबई

नाल्यात मुलांना उतरवू नका, हातमोजे घालूनही नको. गच्चीत सावलीला पांढरी बादली पाण्याने भरून ठेवा, मूठभर सुका पाला टाका आणि वर जाळी न लावता पाच दिवस थांबा. डासांच्या अळ्या दिसतील. डोके खाली करून तिरक्या लटकणाऱ्या, मागे श्वासनळी असलेल्या एडिस किंवा क्युलेक्सच्या. पृष्ठभागाला समांतर पडून राहणाऱ्या अॅनॉफिलिसच्या. श्वासाचा धडा इथेही तोच. पाण्यात उड्या मारणारे ठिपके दिसले तर भिंगाखाली घ्या. एक डोळा, मागे अंड्यांच्या दोन पिशव्या असलेला जीव म्हणजे सायक्लॉप्स. नारूचा रोग (शरीरात लांब जंत वाढण्याचा) याच्यातूनच, पायविहिरींच्या पिण्याच्या पाण्यावाटे पसरत असे. पाणी फडक्याने गाळा, अशी मोहीम त्याच्यासाठीच होती, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

सहाव्या दिवशी बादली मातीत ओता, गटारात नाही, आणि आतून घासा, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी टिकतात. अंड्यापासून डास व्हायला गरम हवेत सात ते दहा दिवस लागतात. एक आठवडा ओलांडू देऊ नका.

घरच्या टँकमध्ये गप्पी फार झाले आहेत. ओढ्यात सोडले तर डास कमी होतील ना?
— एक वाचक, ठाणे जिल्हा

सोडू नका. गप्पी आपल्या ओढ्यांतले नव्हेत. ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लेही खातात, आणि एकदा रुजले की काढता येत नाहीत. वाहत्या ओढ्यात डासांच्या अळ्या मुळात कमी असतात. चतुराची पिल्ले आणि पाणढेकूण त्यांचा समाचार घेतात. जास्तीचे गप्पी मासळीघरवाल्याला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. टँकचे पाणीही ओढ्यात ओतू नका, झाडांना घाला.